उस्मानी मशीद आणि वऱ्हाडी मशीद : बुर्सा व गाविलगड यांच्या निमित्ताने एका समजुतीची चिकित्सा

१. प्रस्तावना

दख्खनमधील मध्ययुगीन मुस्लिम वास्तूंविषयी बोलताना ‘तुर्की पद्धतीचे बांधकाम’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे सर्रास केला जातो. वर्गातील व्याख्यानांत, सहलींच्या माहितीपुस्तिकांत आणि स्थानिक इतिहासाच्या लेखनात तो इतका रुळला आहे की त्याचा अर्थ काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. घुमट दिसला की तो तुर्की. चंद्रकोर दिसली की तीही तुर्की. इंग्रजी अमदानीतील लेखकांनी याच वास्तूंना ‘पठाणी’ म्हटले. शब्द बदलला, पण त्यामागील गृहीतक तेच राहिले. ते असे की, या वास्तूचे मूळ येथे नसून अन्यत्र आहे आणि ते मूळ सांगितले की वास्तूचे स्पष्टीकरण पूर्ण होते.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी दोन मशिदी समोरासमोर ठेवल्या आहेत. पहिली, तुर्कस्तानातील बुर्सा येथील उलु जामी, म्हणजे मोठी मशीद. ही आरंभीच्या उस्मानी वास्तुकलेतील एक प्रमुख कृती होय. दुसरी, आपल्या वऱ्हाडातील गाविलगड किल्ल्यावरील जामा मशीद. दोन्ही मशिदी अनेक लहान घुमटांनी आच्छादलेल्या आहेत. वरवर पाहता यापेक्षा अधिक जवळचे साम्य सापडणे कठीण. म्हणूनच ‘तुर्की’ या विशेषणाची परीक्षा येथे सर्वांत कसोशीने होऊ शकते.

गाविलगड आज अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याजवळ आहे. तथापि यवतमाळच्या वाचकाला तो परका नाही. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने प्रांतांची फेररचना केली, तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग केले. उत्तरेचा भाग गाविलगडच्या आणि दक्षिणेचा माहूरच्या अधिकाराखाली गेला. माहूर पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेला लागून, आज नांदेड जिल्ह्यात आहे. पुढे मोगलांच्या अमदानीत ‘आइन-इ-अकबरी’त कळंब हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून येते आणि खुद्द यवतमाळ ‘योत लोहारा’ या परगण्याच्या नावात आढळते. सारांश, गाविलगडच्या वास्तूंचा विचार हा या संपूर्ण प्रदेशाच्या इतिहासाचा विचार आहे.

२. समजुतीचा उगम

दख्खन आणि उस्मानी घराणे यांचा संबंध जोडणारी सर्वांत प्रसिद्ध कथा फरिश्त्याने सांगितली आहे. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशाह हा उस्मानी सुलतान दुसरा मुराद याचा पुत्र होता. गादीवर आलेल्या भावाकडून जीवाला धोका होता म्हणून मातेने त्याला एका व्यापाऱ्याच्या स्वाधीन केले. इराणातील सावा येथे वाढून तो पुढे हिंदुस्थानात आला, असा या कथेचा आशय आहे. फरिश्त्याने आपला इतिहास सतराव्या शतकाच्या प्रारंभी विजापूरच्या दरबारात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाने लिहिला. आश्रयदात्याच्या घराण्याला थोर कूळ मिळवून देणारी ही कथा आहे, हे वाचताना विसरता येत नाही. त्याच दरबाराशी संबंधित असलेल्या रफीउद्दीन शिराझीने यूसुफच्या कुळाची हकीकत वेगळी दिली आहे.

कथेची सत्यासत्यता हा इतिहासकारांचा विषय. वास्तुविचारात अडचण निर्माण होते ती पुढच्या पायरीवर. राजा तुर्की, म्हणून त्याची इमारतही तुर्की, असे अनुमान काढले गेले. आदिलशाही इमारतींच्या कळसावरील चंद्रकोर या अनुमानाचा पुरावा म्हणून पुढे करण्यात आली. विजापूरपुरते हे अनुमान क्षणभर मान्य केले, तरी ते संपूर्ण दख्खनला लावता येत नाही. त्याचे उत्तर फरिश्त्याच्याच ग्रंथात आहे. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा विजयनगरच्या राज्यातील कानडी हिंदू कुळात जन्मलेला, बालपणी युद्धात पकडला गेलेला आणि वऱ्हाडचा सुभेदार खान-इ-जहान याच्या पदरी वाढलेला होता, असे तो सांगतो. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळही तो पाथरीच्या ब्राह्मण कुळाशी जोडतो.

आता राजाच्या कुळावरून इमारतीची शैली ठरत असेल, तर गाविलगडची मशीद कानडी आणि अहमदनगरच्या मशिदी मराठी म्हणाव्या लागतील. असे कोणी म्हणत नाही. म्हणजे हा नियम सोयीनुसार वापरला जातो. जेथे कूळ परदेशी आहे तेथे तो लावायचा आणि जेथे कूळ देशी आहे तेथे गप्प राहायचे. ज्या नियमाला असे अपवाद करावे लागतात, त्याला नियम म्हणता येत नाही.

३. बुर्साची उलु जामी

बुर्सा हे शहर उस्मानी तुर्कांनी १३२६ मध्ये जिंकले आणि ते त्यांच्या वाढत्या राज्याची राजधानी बनले. ‘यिल्दिरिम’ म्हणजे ‘वीज’ या उपनावाने ओळखल्या जाणाऱ्या सुलतान पहिल्या बायझीदने १३९६ मध्ये निकोपोलिसच्या लढाईत युरोपीय सैन्याचा पराभव केला. या विजयानंतर उलु जामीचे बांधकाम सुरू झाले आणि ते १४०० च्या सुमारास पूर्ण झाले. बायझीदने विजय मिळाल्यास वीस मशिदी बांधण्याचा नवस केला होता. त्याऐवजी वीस घुमटांची एकच मशीद बांधून तो फेडला, अशी लोककथा सांगितली जाते. कथा कशीही असो, घुमटांची संख्या वीस हीच आहे.

मशिदीचा आराखडा सरळ आहे. घडीव दगडाच्या भक्कम भिंतींनी बंदिस्त केलेले आयताकृती दालन. त्यात बारा जाड खांब. या खांबांमुळे पाच गुणिले चार असे वीस खण पडतात आणि प्रत्येक खणावर एक घुमट येतो. मेहराबकडे जाणाऱ्या मधल्या ओळीतील घुमट बाजूच्या घुमटांहून उंच आहेत. याच ओळीतील एका घुमटाचा माथा मुळात उघडा ठेवलेला होता. त्याच्या खाली वुजूसाठी कारंज्याचा हौद आहे. उघड्या माथ्यावर आता काच बसवलेली असली, तरी त्यातून येणारा उजेड आजही पाण्यावर पडतो. मशिदीतील अक्रोडाच्या लाकडाचा मिंबर भौमितिक तुकडे एकमेकांत गुंतवून केलेल्या कामासाठी विख्यात आहे.

या वास्तूने संकटेही पाहिली. १४०२ मध्ये तैमूरने बायझीदचा पराभव केल्यानंतर शहराची नासधूस झाली. १८५५ च्या भूकंपात बहुतेक घुमट कोसळले आणि ते पुन्हा बांधावे लागले. बुर्सा शहराचा ऐतिहासिक भाग २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. बुर्साची मशीद बंदिस्त आहे. तिच्या दालनाला समोरून उघडी अशी बाजू नाही. प्रकाश येतो तो खिडक्यांतून आणि वरून. उलु जामीत हौदसुद्धा छताखाली आला आहे. थंडी आणि हिमवर्षाव असलेल्या प्रदेशात अंगण घरात घेण्याचा हा मार्ग आहे.

४. गाविलगडची जामा मशीद

गाविलगड सातपुड्याच्या रांगेत, मेळघाटात, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. फरिश्त्याने या किल्ल्याच्या उभारणीचा संबंध बहमनी सुलतान अहमदशाह वली याच्याशी, १४२५ च्या सुमाराशी जोडला आहे. फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने किल्ल्याची डागडुजी केल्याची साक्ष हिजरी ८९३, म्हणजे इ. स. १४८८ चा शिलालेख देतो. यानंतर सुमारे दोन वर्षांनी, १४९० मध्ये, फतहुल्ला स्वतंत्र झाला. १५७४ मध्ये मुर्तजा निजामशाहाने वऱ्हाड जिंकून इमादशाही संपवली. पुढे १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराकडे गेले. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला भोसल्यांकडून जिंकला आणि १८५८ मध्ये त्याची तटबंदी निकामी करण्यात आली.

किल्ल्याच्या दरवाजावर कोरलेली शिल्पे या चर्चेत महत्त्वाची आहेत. तेथे सिंह आहेत, हत्ती आहेत आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे. गंडभेरुंड हे विजयनगरच्या परंपरेत रुळलेले राजचिन्ह होय. मुसलमान सुभेदाराने आपल्या किल्ल्याच्या दरवाजावर जन्मभूमीचे चिन्ह कोरून घ्यावे, ही घटना ‘मूळ’ या कल्पनेची गुंतागुंत एका दृष्टिक्षेपात दाखवते. येथे आश्रयदात्याच्या कुळाची खूण खरोखरच दगडावर उतरली आहे. परंतु ती अलंकरणात उतरली आहे, मशिदीच्या रचनेत नाही.

मशीद किल्ल्याच्या उंच भागावर आहे. पुढे मोकळे अंगण आणि पश्चिमेला नमाजाचे दालन, अशी तिची मांडणी आहे. दालनाची दर्शनी बाजू सात कमानींची असून आत तीन ओळींची खोली आहे. सात गुणिले तीन, असे एकवीस खण होतात व ते घुमटांनी आच्छादण्याची योजना आहे. वास्तूचा काही भाग आज पडलेला आहे, तरी योजना स्पष्टपणे वाचता येते. दर्शनी बाजूच्या टोकांना उंच मिनार नाहीत. त्यांच्या जागी चौकोनी छत्र्या आहेत. या छत्र्यांचे पुढे आलेले छज्जे आणि दगडी जाळीकाम हा या मशिदीचा सर्वांत देखणा भाग होय.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत मोडतो. तरीही चिखलदऱ्याला येणाऱ्या बहुतेक सहलींत या मशिदीच्या वाट्याला काही मिनिटे आणि एखादे छायाचित्र एवढेच येते.

५. साम्य आणि भेद

वीस घुमट आणि एकवीस खण, हे साम्य नाकारता येत नाही. प्रश्न आहे तो त्याचा अर्थ लावण्याचा.

जमावासाठी रुंद दालन हवे, पण एवढ्या रुंदीवर टाकण्यासाठी तुळया नाहीत किंवा त्या टिकाऊ वाटत नाहीत, अशी स्थिती असेल तर दगडी बांधकाम करणाऱ्या गवंड्यापुढे मार्ग थोडे असतात. दालनाचे लहान चौकोनी खण पाडायचे, खांबांवर कमानी टाकायच्या आणि प्रत्येक चौकोनावर पेलवेल एवढा घुमट बसवायचा, हा त्यांपैकी सर्वांत सोपा आणि सुरक्षित मार्ग आहे. घुमट लहान असल्याने त्याचा बाहेरच्या बाजूस येणारा रेटा कमी असतो. शेजारचे घुमट एकमेकांचा रेटा तोलतात. शेवटी उरलेला भार बाहेरच्या भिंती घेतात. हा उपाय एका देशाची मिरास नाही. बंगालमधील बागेरहाट येथे पंधराव्या शतकात खान जहान अलीच्या काळात बांधलेल्या साठ घुमट मशिदीच्या दालनावर सत्याहत्तर घुमट आहेत आणि त्या विटांच्या आहेत. तेथे कोणी बुर्साचा संबंध जोडत नाही. दख्खनमध्येच गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील मशीद १३६७ ची, म्हणजे बुर्साच्या मशिदीहून सुमारे तीस वर्षांनी आधीची आहे. तिचे दालनही लहान घुमटांच्या ओळींनी झाकलेले आहे. गाविलगडच्या मशिदीला पूर्वज शोधायचाच असेल, तर तो बहमनी राज्यात, घराच्या अंगणात उभा आहे.

भेद पाहिले की चित्र अधिक स्पष्ट होते.

पहिला भेद प्रकाशाचा आहे. बुर्सात उजेड वरून आणि खिडक्यांतून येतो. गाविलगडला तो समोरून येतो. वऱ्हाडातून किब्ला पश्चिमेकडे असल्याने दालन पूर्वेकडे उघडते. सात कमानी अंगणाकडे पूर्ण मोकळ्या राहतात आणि सकाळचा उजेड थेट मेहराबच्या भिंतीपर्यंत पोचतो. म्हणूनच दालन तीन ओळींहून अधिक खोल करणे सोयीचे नसते. सात गुणिले तीन ही आडवी मांडणी आणि पाच गुणिले चार ही चौकोनाकडे झुकणारी मांडणी, यांतील फरक केवळ संख्येचा नाही. एक दालन उघडे आहे आणि दुसरे बंदिस्त, हा तो फरक आहे.

दुसरा भेद पावसाचा आहे. चिखलदरा आणि मेळघाटचा परिसर विदर्भातील अधिक पावसाचा भाग. उघड्या कमानींतून पावसाचा सपका आत येऊ नये व भिंतीवरून पाणी ओघळू नये, यासाठी दख्खनी आणि हिंदुस्थानी वास्तूंत छज्जा अपरिहार्य ठरतो. उस्मानी मशिदीला अशा छज्ज्याची गरज पडत नाही. तेथे घुमटांवर शिशाचे पत्रे बसवतात. आपल्याकडे चुन्याचा गिलावा असतो. पाण्याशी वागण्याच्या या दोन वेगळ्या रीती आहेत.

तिसरा भेद मिनारांचा. सडपातळ, टोकदार, पेन्सिलीसारखा मिनार ही उस्मानी मशिदीची दुरून पटणारी ओळख. गाविलगडला त्याचा मागमूस नाही. तेथे छत्री आहे आणि छत्री हा घटक मंदिर, समाधी, राजवाडा व मशीद या सर्वांत सहज वावरणारा आहे.

६. मोठा घुमट कोणासाठी?

दोन्ही परंपरांच्या पुढील वाटचालीकडे पाहिले असता त्यांतील खरा फरक समोर येतो.

उस्मानी स्थपतींना बुर्साचे खांब खटकू लागले. बारा खांबांमुळे नमाजाच्या रांगा तुटतात आणि मेहराब सर्वांना दिसत नाही. एडिर्ने येथील उच शेरेफेली मशिदीत (१४३८ ते १४४७) मध्यभागी सुमारे २४ मीटर व्यासाचा एकच मोठा घुमट उभारण्यात आला. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल हाती आले आणि सहाव्या शतकातील आयासोफियाचा प्रचंड घुमट त्यांच्यापुढे आव्हान म्हणून उभा राहिला. मिमार सिनान या स्थपतीने ते आव्हान स्वीकारले. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत (१५५० ते १५५७) त्याने मोठ्या घुमटाचा रेटा अर्धघुमटांकडे सोपवला. एडिर्नेच्या सेलिमिये मशिदीत (१५६८ ते १५७५) आठ आधारांवर ३१ मीटरहून अधिक व्यासाचा घुमट तोलून धरला. अनेक घुमटांकडून एका घुमटाकडे, असा हा प्रवास आहे. त्यामागचे उद्दिष्ट एकच होते: सर्व जमाव एका छताखाली, एका नजरेत यावा.

दख्खनमध्येही मोठा घुमट बांधण्याचे कौशल्य होते. विजापूरच्या जामा मशिदीत नऊ खणांची जागा मोकळी करून त्यावर एक घुमट बसवला आहे. त्याचा भार पेलण्यासाठी एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जी युक्ती वापरली, तिचीच परिणती गोल गुमटात झाली. १६५६ मध्ये मृत्यू पावलेल्या मुहम्मद आदिलशाहाच्या या समाधीच्या घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर आहे आणि आतील सुमारे ३८ मीटर. आकाराच्या दृष्टीने तो सेलिमियेच्या घुमटालाही मागे टाकतो. परंतु येथे अर्धघुमट नाहीत. कमानींच्या छेदांतून आत झुकणारे बांधकाम आपल्या वजनाने घुमटाच्या बाहेरच्या रेट्याला उलट ओढ देते. सिनानच्या रीतीहून हे तत्त्व निराळे आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, उस्मानी परंपरेत सर्वांत मोठा घुमट मशिदीच्या वाट्याला आला; दख्खनमध्ये तो समाधीच्या वाट्याला आला. विजापूरचा सुलतान आपल्या कबरीवर जगातील मोठ्या घुमटांपैकी एक उभारतो, पण मशिदी मात्र खण, कमानी आणि अंगण यांच्याच भाषेत बोलत राहतात. मोकळ्या अंगणात जमाव मावतो, मग त्याला एका छताखाली आणण्याची निकड कशाला भासावी? बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडची मशीद १५८२ ची आहे. सेलिमिये पूर्ण होऊन त्या वेळी सात वर्षे झाली होती आणि सिनान हयात होता. त्याचा मृत्यू १५८८ चा. तरीही रोहिणखेडच्या कारागिरांनी सेलिमियेची वाट धरली नाही. त्यांना ती ठाऊक नव्हती म्हणून ते मागे राहिले, असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांचा प्रश्नच निराळा होता.

या ठिकाणी आपल्या मूल्यमापनातील एक दोष उघड होतो. फर्ग्युसनपासून पुढे दख्खनी वास्तूंचे मोल बऱ्याचदा घुमटाच्या व्यासाने केले गेले. त्या मापाने गोल गुमट श्रेष्ठ ठरतो आणि गाविलगड, रोहिणखेड तळटीपेत जातात. परंतु मशीद ही नमाजाची जागा आहे. तिचे मोल प्रकाश, सावली, पाणी, रांगांची सोय आणि जमावाचा वावर यांवरून ठरायला हवे. त्या कसोटीला गाविलगड उतरते.

७. प्रत्यक्ष संबंधांचा पुरावा

वरील विवेचनाचा अर्थ दख्खनचा बाहेरच्या जगाशी संबंध नव्हता, असा करू नये. संबंध होते, घनिष्ठ होते. आणि जेथे ते होते तेथे त्यांचा पुरावाही सापडतो.

महमूद गवानच्या पत्रसंग्रहात उस्मानी सुलतान दुसरा मेहमद याला लिहिलेली पत्रे आहेत. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली आणि आज विजापूरच्या बुरुजावर असलेली ‘मलिक-इ-मैदान’ ही तोफ मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराची आहे. ‘रूमी’ म्हणजे उस्मानी प्रदेशातून आलेला. तोफा ओतण्याच्या विद्येत उस्मानी कारागिरांचा दख्खनवर खरा प्रभाव पडला आणि तो नावानिशी, तारखेनिशी सिद्ध करता येतो.

वास्तूंच्या क्षेत्रातही खरी उसनवारी कशी दिसते, याचा नमुना बिदर येथे आहे. महमूद गवानच्या १४७२ च्या मदरशात चौकाच्या चारही बाजूंना उंच कमानदार दालने, गोल मिनार आणि रंगीत चकाकणाऱ्या फरशांचे काम आहे. आराखडा, तंत्र व अलंकरण या तिन्ही पातळ्यांवर तो इराण-खुरासानच्या परंपरेशी जुळतो. गुलबर्ग्याच्या मशिदीच्या शिलालेखात तर कझवीनच्या रफी याचे नावच आहे. मात्र गुलबर्ग्याचे उदाहरण आणखी एक धडा शिकवते. कारागीर इराणचा असूनही इमारत इराणी मशिदीची प्रतिकृती झाली नाही. कारागिराचे गाव सांगितल्यानेही इमारत पूर्णपणे कळत नाही.

याउलट, ताजमहालाचा घुमट तुर्कस्तानातून आलेल्या इस्माइल नावाच्या कारागिराने बांधला, ही उशिराच्या हस्तलिखितांतून पसरलेली हकीकत पाहावी. विश्वसनीय समकालीन साधने उस्ताद अहमद लाहोरी याच्याकडे बोट दाखवतात. त्याचाच पुत्र अताउल्ला याचे नाव औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यावर, हंसपतराय याच्या नावासह कोरलेले आहे. म्हणजे कोरीव लेख एक सांगतो आणि कथा दुसरेच. आणि वर्गात पोचते ती कथाच.

या उदाहरणांवरून एक किमान कसोटी मांडता येते. एखाद्या वास्तूला परप्रांतीय शैलीची म्हणायचे असेल तर आराखडा, बांधकामाचे तंत्र, अलंकरण आणि लेखी पुरावा यांपैकी किमान दोन गोष्टींचे साक्ष्य मिळावे. केवळ बाह्य आकाराचे साम्य अथवा राजाची वंशावळ पुरेशी मानू नये. या कसोटीवर बिदरचा मदरसा ‘इराणी धाटणीचा’ ठरतो. गाविलगडची मशीद ‘तुर्की’ ठरत नाही.

८. निष्कर्ष

वरील चर्चेतून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) बुर्साची उलु जामी आणि गाविलगडची जामा मशीद यांतील अनेक घुमटांचे साम्य हे समान अडचणीला मिळालेले समान उत्तर आहे. ते वंशसंबंधाचे प्रमाण नाही.

(२) आश्रयदात्याच्या कुळावरून वास्तूची शैली ठरवणे तर्कदृष्ट्या टिकत नाही. फतहुल्ला इमाद-उल-मुल्कचे उदाहरण याला पुरेसे उत्तर आहे.

(३) उस्मानी परंपरेने मोठा घुमट मशिदीला दिला, दख्खनने तो समाधीला दिला. ही निवड उपासनेची जागा आणि स्मरणाची जागा यांविषयीच्या दोन भिन्न कल्पना दर्शवते.

(४) बुर्साशी केलेली तुलना निरुपयोगी नाही. उलट, बुर्सा समोर नसती तर गाविलगडच्या उघड्या कमानी, छज्जे आणि छत्र्या यांचे महत्त्व इतक्या स्पष्टपणे जाणवले नसते. तुलना भेद दाखवण्यासाठी वापरावी, बाप शोधण्यासाठी नव्हे.

‘तुर्की’ हे विशेषण दोन विरुद्ध हेतूंनी वापरले जाते. एकाला त्यातून दूरच्या साम्राज्याचे वैभव आपल्या वास्तूला जोडायचे असते; दुसऱ्याला त्याच शब्दाने ती वास्तू परकी ठरवायची असते. दोघेही वास्तूकडे पाहत नाहीत. ज्या गवंड्यांनी सातपुड्याचा काळा दगड फोडला, मेळघाटच्या पावसाचा अंदाज घेऊन छज्जे काढले आणि जाळी कोरली, ते दोघांच्याही बोलण्यात नसतात. जी वास्तू आपली म्हणून कोणी वाचत नाही, तिच्या पडझडीची हळहळही कोणाला वाटत नाही.

या संदर्भात महाविद्यालयांना करण्याजोगे काम बरेच आहे. इतिहास, भूगोल, उर्दू-फारसी हे विभाग आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी एकत्र येऊन वऱ्हाडातील जुन्या मशिदींची मोजमापे, आराखडे, लेखांचे वाचन व छायाचित्रे यांची पद्धतशीर नोंद करावी. विद्यार्थ्याला सहलीत ‘ही कोणत्या शैलीची’ असे विचारण्याऐवजी ‘येथे उजेड कोठून येतो, पाणी कोठे जाते, भार कोण उचलतो’ असे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे शोधताना त्याला दगडाला हात लावावाच लागेल आणि गाविलगडच्या मशिदीपाशी काही मिनिटांऐवजी काही तास थांबावे लागेल.